नॅसला पोर्ट दोन-चार, स्विच मात्र साधा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला माझं केबलिंगचं आणि नेटवर्कचं काम आहे. गिऱ्हाईक धुळ्यापासून भुसावळपर्यंत पसरलेलं: लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे स्टुडिओ, दिवसभर टॅली चालणारी सीएंची ऑफिसं, सावद्याकडचे केळीचे व्यापारी, दोन-तीन दवाखाने. गेल्या काही वर्षांत यातल्या बऱ्याच जणांनी नॅस घेतला. खोकं उघडलं, डबा टेबलावर ठेवला, की मला फोन येतो: "भाऊ, मांगे दोन भोकं शेतस, दोन्हीमा वायर लावू का?"

तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलंय. आता कोणी विचारलं की हेच पाठवतो.

नॅस म्हणजे काय आणि साधा स्विच कशाला म्हणायचं?

नॅस म्हणजे हार्ड डिस्क बसवलेला असा डबा, जो कुठल्याही एका कॉम्प्युटरला न जोडता थेट नेटवर्कला जोडतात आणि ऑफिसातले सगळे जण त्यावरच्या फायली वापरतात. आत छोटा कॉम्प्युटरच असतो, बहुतेकांत लिनक्स चालतं.

स्विच म्हणजे नॅस, कॉम्प्युटर, राउटर या सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. साधा स्विच म्हणजे ज्यात काहीच सेटिंग करता येत नाही तो. अडॅप्टर लावा, वायरी खुपसा, चालू. दुकानात याला अनमॅनेज्ड म्हणतात. ज्याचं ब्राउझरमध्ये पान उघडतं, लॉगिन विचारतं, तो मॅनेज्ड किंवा स्मार्ट. तुम्हाला कोणता आहे हे माहीतच नसेल, तर शंभरात नव्याण्णव वेळा तो साधाच आहे.

मागे जेवढे पोर्ट, तेवढ्या सगळ्यांत वायर लावलीच पाहिजे का?

नाही. एक वायर लावा, बाकीचे पोर्ट मोकळे राहू द्या. डबा कुरकुरत नाही. दुसरा पोर्ट कशासाठी लागतो ते पुढे येतंच आहे, पण पहिल्या दिवशी एकाच वायरीवर सगळं सुरळीत चालू करा आणि मगच हौस करा. पहिल्याच दिवशी चारही वायरी लावून बसलेल्या माणसाकडे गेलो, की आधी तीन काढतो आणि मग बिघाड शोधतो.

दोन वायरी लावल्या की स्पीड दुप्पट, बरोबर?

चूक, आणि निम्मे फोन याच गैरसमजातून येतात.

भुसावळ स्टेशनवर तिकिटाच्या दोन खिडक्या उघड्या आहेत असं समजा. रांगेत चाळीस माणसं असतील तर दोन खिडक्यांमुळे रांग लवकर सरकते. पण तुमचा एकच फॉर्म आहे. तो फाडून अर्धा या खिडकीत आणि अर्धा त्या खिडकीत देता येत नाही. तुम्ही एकटेच रांगेत असलात, तर शेजारची खिडकी उघडी असली काय आणि बंद असली काय, तुमचं तिकीट तेवढ्याच वेळात निघणार.

नॅसचं तसंच आहे. दोन पोर्ट एकत्र बांधले, याला बाँडिंग किंवा लिंक अ‍ॅग्रिगेशन म्हणतात, तरी एका कॉम्प्युटरशी चाललेली एक कॉपी एकाच वायरीवरून जाते. ती दोन्हीकडे वाटली तर पाकिटं, म्हणजे फाइलचे छोटे तुकडे, मागेपुढे पोचतील आणि क्रम लावण्यातच वेळ जाईल, म्हणून मुद्दामच तशी वाटत नाहीत. फायदा होतो तो तीन-चार मशीन एकाच वेळी नॅसवर तुटून पडतात तेव्हा. एकाचा बोजा या वायरीवर, दुसऱ्याचा त्या वायरीवर. तोही झाला तर. दोघं नेमके एकाच वायरीवर आले, तर दुसरी रिकामी बसून राहते.

त्यामुळे एकट्याने एडिटिंग करणारा असाल तर बाँडिंग करून तुमच्या कॉपीला सेकंदाचाही फायदा नाही. पुढे एसएमबी मल्टिचॅनलचा प्रश्न आहे, तो वाचा.

एका गिगाबिट वायरीवर किती स्पीड मिळायला हवा?

गिगाबिट म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट. आठाने भागा, १२५ मेगाबाइट. त्यातून पाकिटांवरच्या पत्त्यांचा वगैरे खर्च वजा केला, की मोठी फाइल कॉपी करताना विंडोजच्या खिडकीत ११० ते ११५ एमबी दिसायला हवेत. तेवढे दिसत असतील तर तुमचं नेटवर्क ठणठणीत आहे, उगाच कोणाला पैसे देऊ नका.

हजारो छोट्या फायली असतील, म्हणजे फोटोंचे फोल्डर किंवा टॅलीचा डेटा, तर आकडा बराच खाली येतो. त्यात वायरीचा दोष नाही. प्रत्येक फाइलमागे उघड-बंदचा व्यवहार होतो, तो वेळ खातो.

माझा आकडा ११ वरच अडकतो. दुसरी वायर लावू का?

थांबा. ११ हा आकडा ओळखीचा आहे. याचा अर्थ कुठेतरी एक दुवा १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटवर, चालतोय. आणखी दहा वायरी लावल्या तरी तो दुवा तिथेच राहणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्या आठवड्यात गावातले सगळे कॅमेरे कामाला लागले होते. एका स्टुडिओवाल्याचा रात्री फोन आला. २५६ जीबीचं कार्ड भरलेलं, सकाळी क्लिप द्यायच्या आणि कॉपीची खिडकी सहा तास दाखवतेय. नॅस नवा, दोन्ही पोर्टांत वायरी, बाँड केलेला. मी गेलो तर टेबलाखाली सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचा जुना स्विच, आठ पोर्टांचा, धुळीने केस उगवलेला. त्यावर बारीक अक्षरांत १०/१००. झालं. पिशवीतला पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच काढून लावला, आकडा ११२ वर गेला. साडेसहा तासांचं काम चाळीस मिनिटांत आलं. त्याने बाँडिंग शिकण्यात घालवलेली दुपार मात्र परत आली नाही.

तर आधी हे बघा:

स्विचवर काय छापलंय? १०/१०० असेल तर तोच चोर. १०/१००/१००० हवं.

स्विच गिगाबिट असेल तर वायर बघा. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जॅकमध्ये नीट बसली नसेल, तर लिंक लागते, दिवा पेटतो, इंटरनेटही चालतं, फक्त गुपचूप १०० वर येतं. म्हणून "वायर तर चालतेय ना" हा पुरावा नाही. जॅक कापा आणि पुन्हा क्रिम्प करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

तिसरी शंका वायरीच्या धातूची. बाजारात स्वस्त गुंडाळी मिळते, तिच्यात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ती खोटी. दोन-तीनदा वाकवली की तुटते. कॅट-५ई असो वा कॅट-६, पूर्ण तांब्याची घ्या. गिगाबिटसाठी दोन्ही चालतात, १०० मीटरपर्यंत.

कॅमेऱ्याच्या पीओई स्विचमध्ये नॅस लावला तर जळेल का?

पीओई म्हणजे लॅनच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला वीज देणं. नियमाने बनवलेला पीओई स्विच आधी चाचपतो, समोरचं उपकरण वीज मागतंय का. नॅस मागत नाही, म्हणून वीज सोडत नाही. जळत नाही. भीती आहे ती न विचारता वीज ढकलणाऱ्या पॅसिव्ह पीओईची. त्या पोर्टात नॅस, कॉम्प्युटर, काहीच लावू नका.

पण खरी अडचण वेगळीच असते. कॅमेऱ्यांच्या बऱ्याच पीओई स्विचमध्ये कॅमेऱ्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, आणि कडेचे एक-दोन अपलिंक (राउटरकडे किंवा पुढच्या स्विचकडे जाणारे पोर्ट) तेवढे गिगाबिट. तेही प्रत्येकात नसतात. शिवाय पुढच्या बाजूला नखाएवढी एक सरकपट्टी असते, एक्स्टेंड किंवा व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं करणं) लिहिलेली. एक्स्टेंडवर सरकवली की लांबच्या कॅमेऱ्यासाठी ते पोर्ट १० एमबीपीएसवर उतरतात. व्हीलॅनवर गेली की पोर्ट एकमेकांना दिसेनासे होतात, फक्त अपलिंकशी बोलतात. मग नॅसचा दिवा पेटलेला, कॉम्प्युटरचा दिवा पेटलेला, आणि दोघांची भेट नाही. झाडणाऱ्या बाईचा पोछा लागून ती पट्टी सरकलेली मी स्वतः पाहिली आहे. दोन तास गेले माझे.

बाँडिंगच्या यादीत चार-पाच नावं आहेत. साध्या स्विचला कोणतं निवडू?

दोन चालतात: अ‍ॅडॅप्टिव्ह लोड बॅलन्सिंग आणि अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय.

सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये कंट्रोल पॅनेल, नेटवर्क, नेटवर्क इंटरफेस, तिथे क्रिएट बाँड. क्यूनॅप कंपनीच्या नॅसमध्ये याला पोर्ट ट्रंकिंग म्हणतात. लिनक्सच्या भाषेत अ‍ॅडॅप्टिव्ह म्हणजे बॅलन्स-एएलबी, मोड ६, आणि अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, मोड १. या दोन्हींत सगळी अक्कल नॅसच्या बाजूला असते, स्विचला काही कळावं लागत नाही.

अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये नॅस प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता, म्हणजे स्विच ज्यावरून यंत्र ओळखतो तो क्रमांक, वेगळा ठेवतो. एखादा कॉम्प्युटर विचारतो, "या आयपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या या नंबराचा, मालक कोण?" तेव्हा नॅस एकाला पहिल्या पोर्टचा पत्ता देतो, दुसऱ्याला दुसऱ्याचा. कॉम्प्युटर आपापल्या पत्त्यावर जातात आणि बोजा वाटला जातो. स्विचला वाटतं, दोन वेगळी यंत्रं जोडलीत. युक्ती साधी आहे, पण मला अजूनही तिचं कौतुक वाटतं.

अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबायमध्ये एकच वायर काम करते, दुसरी राखीव. पहिली तुटली की दुसरी उठते. स्पीड अजिबात वाढत नाही. तरी मी दवाखान्यात आणि सीएंकडे हेच लावतो. धरणगावकडच्या एका ऑफिसात उंदराने फॉल्स सीलिंगमधली वायर कुरतडली. रिटर्न भरायचे शेवटचे दिवस होते. दुसरी वायर मी वेगळ्या पट्टीतून नेली होती, त्यामुळे कोणाला कळलंसुद्धा नाही. नॅसवर इशारा आला तेव्हा आम्हाला समजलं. दोन्ही वायरी एकाच पट्टीतून, एकाच गाठीत बांधून नेल्या असतील, तर उंदीर दोन्ही खातो. आणि एवढं करूनही स्विच एकच आहे हे लक्षात असू द्या. तो गेला तर दोन्ही वायरी गेल्या.

मी आयईईई ८०२.३एडी निवडलं होतं आणि चालतंय की!

चालतंय म्हणजे एका वायरीवर चालतंय. ८०२.३एडी, ज्याला एलएसीपी म्हणतात, त्यात नॅस आणि स्विच दोघांनी आपसांत बोलून "या दोन वायरी एक समजू" असं ठरवायचं असतं. साधा स्विच त्या बोलण्याला उत्तरच देत नाही. मग नॅस नाइलाजाने एक पोर्ट धरतो आणि दुसरा बाजूला ठेवतो. काही डबे इशारा दाखवतात, काही गप्प राहतात.

राउंड-रॉबिन आणि बॅलन्स-एक्सओआर यांचं तर त्याहून वाईट. त्यांत एकच मॅक पत्ता दोन पोर्टांवरून येतो. स्विच वहीत लिहून ठेवतो की हा पत्ता ३ नंबरच्या पोर्टावर आहे. पुढच्या क्षणी तोच पत्ता ५ वर दिसतो. खोडतो, पुन्हा लिहितो, पुन्हा खोडतो. कॉपी धडधडत सुरू होते, मधेच शून्यावर येते, पुन्हा उसळते. असा ग्राफ दिसला तर आधी बाँडचा प्रकार बघा.

बाँड न करता दोन्ही वायरी नुसत्याच लावल्या तर लूप होईल का?

होत नाही. नॅस स्वतःहून एका पोर्टावरचं दुसऱ्या पोर्टावर सोडत नाही, त्यामुळे वर्तुळ पूर्ण होत नाही. फक्त नॅसला दोन आयपी मिळतात, आणि मग एक जण एका आयपीने फोल्डर जोडतो, दुसरा दुसऱ्याने, आणि कधी काय चालतंय ते कोणालाच सांगता येत नाही. आत यायचं एका वायरीने आणि जायचं दुसरीनेच, असाही प्रकार होतो. फायदा शून्य. एक वायर काढा, किंवा रीतसर बाँड करा. याला अपवाद एकच, तो मल्टिचॅनलचा.

एक सावधगिरी: नॅसवर व्हर्च्युअल मशीनसाठी व्हर्च्युअल स्विच चालू करून त्यात दोन्ही पोर्ट ब्रिज म्हणून (म्हणजे आतून एकमेकांना जोडून) टाकले आणि दोन्ही वायरी त्याच साध्या स्विचला दिल्या, तर मात्र लूप होऊ शकतो.

लूप म्हणजे नेमकं काय होतं?

श्रावणात कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी एका ऑफिसात साफसफाई चालली होती. टेबलामागे एक वायरीचं टोक लोंबत होतं. कोणीतरी भल्या मनाने ते स्विचच्या रिकाम्या पोर्टात खुपसलं. त्या वायरीचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये होतं. मी पोचलो तेव्हा स्विचचे सगळे दिवे एका तालात, एकाच वेगाने लुकलुकत होते, जशी लग्नाच्या मांडवाची माळ. नॅस, प्रिंटर, इंटरनेट, सगळं मेलेलं. सर्वांसाठी म्हणून सोडलेलं एक पाकीट त्या वर्तुळात फिरतच राहतं, त्याच्या प्रती होतात, आणि काही सेकंदांत कोणालाच जागा उरत नाही.

मॅनेज्ड स्विच असं वर्तुळ ओळखून एक पोर्ट बंद करू शकतो. साध्यातल्या थोड्यांतच ती सोय असते. उपाय एकच: सगळे दिवे एका तालात दिसले की एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील, ती गुन्हेगार. आणि लोंबती टोकं ठेवूच नका.

एकट्याच मशीनला खरोखर दुप्पट स्पीड मिळण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि साध्या स्विचवरच आहे. एसएमबी मल्टिचॅनल. एसएमबी म्हणजे विंडोज नेटवर्कवरच्या फायली ज्या भाषेत मागतं ती. मल्टिचॅनल विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून विंडोजमध्ये आलं. नॅसच्या बाजूला सांबा हा एसएमबी बोलणारा प्रोग्राम असतो, त्यात ४.१५ पासून ते मुळातच चालू आहे. नॅस बनवणाऱ्यांनी आपापल्या नव्या आवृत्त्यांत फाइल सर्व्हिस किंवा एसएमबीच्या सेटिंगमध्ये त्याची खूण दिली आहे, ती बहुधा हाताने लावावी लागते.

यात बाँड करायचाच नाही. नॅसचे दोन्ही पोर्ट सुटे, दोघांना वेगळे आयपी. तुमच्या कॉम्प्युटरलाही दोन गिगाबिट पोर्ट हवेत, दोन्ही त्याच स्विचला. विंडोज आणि नॅस आपसांत ठरवून दोन्ही वायरींवर एकच कॉपी वाटून घेतात आणि क्रमही स्वतःच लावतात. फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामलाच हे काम कळतं, म्हणून इथे ते जमतं, बाँडिंगमध्ये जमत नाही. टास्क मॅनेजरमध्ये दोन इथरनेटचे ग्राफ एकदम चढलेले दिसले की समजा जमलं. २०० च्या वर आकडा जायला हवा, अर्थात नॅसमधल्या डिस्कची तेवढी ताकद असेल तर.

एवढं करण्यापेक्षा अडीच गिगाबिटचा स्विच घेऊ का?

घ्या. खरं सांगायचं तर आता मी स्टुडिओवाल्यांना हेच सांगतो. अडीच गिगाबिटचं मानक २०१६ सालचं आहे, आणि त्याची खुबी अशी की ते जुन्या कॅट-५ई वायरीवरही १०० मीटर चालतं. भिंतीतली वायर उपसायची नाही. साधा, अनमॅनेज्ड, पाच पोर्टांचा अडीचचा स्विच मिळतो. बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर अडीचचा पोर्ट असतो, नसेल तर यूएसबी ३ चा अडॅप्टर. आकडा २८० च्या आसपास जातो. ते २५६ जीबीचं कार्ड पाव तासात. एक वायर, ना बाँड ना मल्टिचॅनल.

मात्र नॅसलाही अडीचचा पोर्ट हवा. तो असेल आणि स्विच गिगाबिटचा असेल, तर दोघं एक गिगाबिटवर समेट करतात, बिघडत काही नाही. दहा गिगाबिटचा पोर्ट असेल तर माहितीपत्रक वाचा: जुन्या काही दहाच्या कार्डांना अडीच येतच नाही, ती दहावरून थेट एकवर उतरतात. दहासाठी कॅट-६ वायर साधारण ५५ मीटरपर्यंतच, पुढे कॅट-६ए.

तुम्ही स्वतः दुसऱ्या पोर्टचा काय उपयोग करता?

कॅमेऱ्यांसाठी. माझ्या मते साध्या स्विचच्या घरात दुसऱ्या पोर्टचा याहून चांगला उपयोग नाही. ऑफिसचा स्विच पहिल्या पोर्टात, कॅमेऱ्यांचा पीओई स्विच दुसऱ्यात. ऑफिसला १९२.१६८.१.क्ष, कॅमेऱ्यांना १९२.१६८.५०.क्ष. गेटवे (इंटरनेटकडे जायची वाट, म्हणजे राउटरचा आयपी) फक्त पहिल्या पोर्टला, दुसऱ्याची ती चौकट रिकामी. कॅमेरे नॅसवर रेकॉर्ड करतात, पण त्यांना इंटरनेटची वाट नाही आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरांची तर नाहीच. दिवसभर कॅमेऱ्यांचा वाहणारा बोजाही ऑफिसच्या स्विचवर येत नाही. मॅनेज्ड स्विच आणि व्हीलॅन न घेता दोन नेटवर्कं वेगळी झाली.

दुसरा उपयोग म्हणजे एडिटिंगच्या मशीनला नॅसचा दुसरा पोर्ट थेट जोडणे, मधे स्विचच नाही. तिथेही आयपीची वेगळी मालिका, गेटवे रिकामा. उलटी-सुलटी क्रॉस वायर लागत नाही, गिगाबिट पोर्ट स्वतःच जुळवून घेतात.

आयपी कोणता द्यावा?

बदलणार नाही असा. राउटरमध्ये नॅसचा आयपी राखून ठेवा, किंवा नॅसमध्येच हाताने टाका, पण राउटर ज्या पट्ट्यातून आयपी वाटतो त्याच्या बाहेरचा. बाँड केल्यावर आयपी बदलू शकतो. टॅलीचा किंवा दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचा पाथ आयपीवर बेतलेला असेल, तर ऑफिस सुटल्यावर बाँड करा, सकाळी अकराला नको. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी दिसला तर नॅसला राउटर सापडलेला नाही, आधी वायर बघा.

जंबो फ्रेम चालू करू?

नको. जंबो फ्रेम म्हणजे एका पाकिटाचा आकार १५०० बाइटवरून ९००० करणं. १५०० वरच राहू द्या. ९००० केलं तर स्विच, नॅस, कॉम्प्युटर सगळ्यांनाच ते पेलायला हवं, आणि एक जरी मागे राहिला तरी फोल्डर दिसतात पण फाइल उघडत नाही.

स्विच भरला. दुसरा स्विच त्याला जोडला तर?

चालतो, एकाच वायरीने जोडा. दोन वायरींनी जोडला तर वरची कानबाईची गोष्ट. आणि नॅस त्याच स्विचवर ठेवा, जिथे जड काम करणारी मशीन आहेत. दोन स्विचमधली ती एक वायर सगळ्यांत मिळून एक गिगाबिटचीच आहे. नॅस इकडे, एडिटर तिकडे, आणि नॅसला चार वायरी, असं पाहिलंय मी. चार नद्या एका मोरीतून.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरवर नॅस लावत असाल तर त्याचेही पोर्ट वाचा. काहींत चारातला एकच गिगाबिट असतो. स्विच त्या पोर्टात लावा, बाकी सगळं स्विचला.

नवीन विंडोज ११ च्या मशीनवर नॅसचं फोल्डर उघडत नाही, बाकीच्यांवर उघडतं.

वायरीचा संबंध नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद आहे. नॅसवर प्रत्येकाचं खातं करा, पासवर्ड द्या. तसंही बिनपासवर्डचा नॅस म्हणजे चौकात ठेवलेली तिजोरी.

उन्हाळा, लाईट आणि पावसाळ्यातली वीज यांचं काय?

टेबलावरच्या बहुतेक नॅसच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान शून्य ते ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ओलांडतो. पत्र्याच्या माळ्यावर, बंद कपाटात ठेवलेला नॅस तेव्हा कंपनीच्या हिशोबाबाहेरच चालत असतो. स्विचही तापतो, आणि तापलेला प्लास्टिकचा स्विच दुपारी तीनला लिंक सोडतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो. असा वेळ पाळणारा आजार दिसला तर आधी त्याला कपाटातून बाहेर काढा. कूलरची हवा थेट त्यावर मात्र नको, ओल जाते.

यूपीएस असा घ्या, ज्याला यूएसबीची डेटा वायर आहे. ती नॅसला लावली की बॅटरी संपत आली हे नॅसला कळतं आणि तो स्वतः नीट बंद होतो. स्वस्तातल्या यूपीएसला ती नसते, नुसती बॅटरी असते. आणि स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर ठेवा. नॅस जिवंत आणि स्विच मेलेला, याचा उपयोग काय?

वीज मात्र गमतीची गोष्ट नाही. रस्ता ओलांडून समोरच्या गोडाऊनला गच्चीवरून लॅन वायर टाकलेली असते. जूनच्या पहिल्या वळवात कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी स्विचचे तीन पोर्ट आणि नॅसचा एक पोर्ट कायमचे अंधारलेले. वीज वायरीवर पडायचीही गरज नसते, जवळ पडली तरी तांब्यात झटका उतरतो. दोन इमारतींमध्ये फायबर टाका, दोन्ही टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन वायर यांना जोडणारा डबा. काचेतून झटका जात नाही.

मग मॅनेज्ड स्विच कधी घ्यावा?

आठ-दहा माणसं एकाच वेळी नॅसवर जड काम करत असतील, एलएसीपी हवंच असेल, किंवा व्हीलॅन लागत असतील तेव्हा. आणि तो सांभाळणारं कोणीतरी असेल तेव्हा. ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही असा मॅनेज्ड स्विच हा साध्यापेक्षा वाईट.

नॅसला दोन पोर्ट आहेत, आत दोन डिस्क आरशासारख्या आहेत. आता बॅकअप नको ना?

हवा. चुकून डिलीट केलेलं दोन्ही डिस्कवरून एकदमच जातं. बाहेरची एक डिस्क घ्या आणि ती घरी ठेवा.

वायर काढ-घाल करताना नॅस बंद करावा लागतो का?

नाही. लॅनची वायर चालू असताना काढता-लावता येते. फक्त कोणाची कॉपी चालू नाही ना बघा. अ‍ॅक्टिव्ह-स्टँडबाय केला असेल तर मुद्दाम एकदा करून बघाच: एक मोठी फाइल कॉपीला लावा आणि पहिली वायर उपसा. आकडा दोन-चार सेकंद अडखळेल आणि पुन्हा चालू लागेल. मग ती परत लावा, एक मिनिट थांबा आणि दुसरी उपसा. कॉपी दोन्ही वेळा टिकली तर मला फोन करायची गरज नाही.